मित्सीचा बुक्का कुणी कापला नाही

२००८ साली मी कळंबला सहावीत होतो. भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी लाईट आली की आधी पाण्याची मोटार चालू व्हायची, मग टीव्ही. टीव्हीवर हंगामा आणि हंगामावर शिनचॅन. आजोबा बाजेवर, आजी भाजी निवडत, आई स्वयंपाकघराच्या दारात आणि मी टीव्हीपासून हातभर अंतरावर. ते पाच वर्षांचं पोरगं चड्डी खाली करून नाचायला लागलं की खोलीत एकदम शांतता पसरायची. आजोबा खाकरायचे. आजी म्हणायची, "काय बघायलास रं हे? बंद कर ती अवदसा."

मी आवाज कमी करायचो. जणू आवाज कमी केला की चड्डी वर येणार होती.

मग एक दिवस शिनचॅनच दिसेनासा झाला. आम्हाला वाटलं केबलवाल्याचा घोळ असेल. खरं कारण खूप नंतर वाचलं. पालकांच्या तक्रारी गेल्या होत्या आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने मालिका थांबवायला लावली होती. २००९ मध्ये तो परत आला, कातरी लावून. आम्ही पोरं एवढी खूश की काय गेलंय हे तपासायला कुणाला वेळ नव्हता.

परवा मी ते तपासलं. जुने हिंदी भाग सलग पाहिले. लहानपणी आठवणारे उघड्या ढुंगणाचे सीन गायब होते. पण मित्सी पोराच्या डोक्यात बुक्का घालते आणि तिथे टेंगूळ येतं, ते जागच्या जागी होतं. रस्त्यात सुंदर मुलगी दिसली की हे पोरगं तिच्यामागे लागतं, आणि बाप हॅरीचीही मान वळते, तेही होतं. मित्सीच्या जाडीवरचे, वयावरचे विनोद तर शाबूत. म्हणजे कातरी चालली ती आजोबांच्या खाकरण्यावर. ज्याने मोठ्यांना एकमेकांसमोर अवघडल्यासारखं होत होतं ते गेलं. ज्याने कुणीच अवघडलं नाही ते राहिलं. आईने पोराला मारणं आणि बायकोच्या शरीरावर हसणं यात आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याच घरातलं होतं ते.

'हे जपानी लोकांना चालतं, आपल्या संस्कृतीत बसत नाही' हे वाक्य तेव्हाही ऐकलं होतं, आजही ऐकू येतं. पण ते खरं नाही. योशितो उसुई यांनी शिनचॅन १९९० मध्ये काढायला घेतला तो मोठ्या माणसांच्या एका साप्ताहिकात. त्या कॉमिकचा विषयच मोठ्यांचा होता: घराचं कर्ज, ऑफिस, नवरा-बायकोची रोजची भांडणं आणि या सगळ्यात सुरुंग लावणारं एक पोर. १९९२ मध्ये टीव्ही असाहीवर त्याची मालिका आली आणि पोरांनी ती ताब्यात घेतली. तिथल्या आया वैतागल्या. मुलं आईला नावाने हाक मारायला लागली, ही तिथली गाजलेली तक्रार. जपानच्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत 'मुलांना दाखवू नयेसे वाटणारे कार्यक्रम' या यादीत शिनचॅन वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत असायचा. कासुकाबेची आई आणि कळंबची आजी यांचं या बाबतीत एकमत होतं. फरक एवढाच की तिथे मालिका चालू राहिली आणि घराघरात भांडणं झाली. आपल्याकडे भांडण मंत्रालयाने मिटवलं.

अमेरिकेने तिसराच मार्ग काढला. २००६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिनचॅन आला त्याच वर्षी, तिथे तो ॲडल्ट स्विमवर रात्री मोठ्यांसाठी लागला. संवाद नव्याने लिहून त्यात आणखी चावट विनोद घातले गेले. एकच पोरगं, तीन देशांत तीन वयांचं.

मुलांना खरंच इजा झाल्याचं ॲनिमेतलं उदाहरण कुठलं, असा विचार केला की मला पोकेमॉन आठवतो. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये त्याचा एक भाग लागला. त्यात एका स्फोटाच्या सीनला लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला. सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, काहींना झटके आले. मालिका चार महिने बंद राहिली. त्यानंतर प्रकाश किती वेगाने लुकलुकावा, लाल रंग किती वापरावा, याचे नियम झाले. उजेडात बसा, टीव्हीपासून लांब बसा, ही सूचना जपानी कार्टूनआधी दिसते ती तेव्हापासून. इंजिनियर म्हणून मला हे प्रकरण फार नीट वाटतं. इजा काय झाली ते मोजलं, कारण शोधलं, तेवढंच बदललं. पिकाचू परत आला तो त्याच्या सगळ्या विजेसकट. शिनचॅनच्या वेळी मात्र 'मुलावर नेमकं काय होतं?' हा प्रश्न आपण विचारला नाही. 'लोक काय म्हणतील?' यावरच काम भागलं.

इथपर्यंत मी फार शहाण्यासारखं बोललो. आता माझी फजिती सांगतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा दहा वर्षांच्या भाच्याला मीच 'डेमन स्लेयर' लावून दिलं. ताईच्या फोनवर. पहिल्याच भागात तंजिरो बर्फातून घरी येतो तर आई आणि भावंडं रक्ताच्या थारोळ्यात पडलेली. मी हे सगळं पाहिलेलं होतं, पण माझ्या डोक्यात राहिली होती ती तलवारबाजी. मी पुण्याला परतलो आणि चार दिवसांनी ताईचा फोन आला. "तूच दाखवलंस ना त्याला ते? लाईट बंद करू देईना रात्री. आणि दिवसभर परत तेच बघायलाय."

मी म्हणालो, "अगं, वयाची पाटी असते ना त्यावर." ताई म्हणाली, "फोन माझा आहे. पाटी मला दाखवली असेल."

तिचं बरोबर होतं आणि ते मला तिच्याआधी कळायला हवं होतं. एका जुन्या नोकरीत वय तपासायचा कोड मी स्वतः लिहिलाय. आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची, उत्तर अठरा किंवा जास्त आलं तर आत सोडायचं. टेस्टिंग करताना आमची अख्खी टीम १ जानेवारी १९९० ला जन्मलेली असायची. सरकारने २०२१ च्या नियमांत ओटीटीसाठी यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्ग केले, पालकांसाठी कुलूप ठेवायला सांगितलं. वर्ग चांगलेच आहेत. पण ते कुलूप लावायला आधी ते आहे हे माहीत असलेलं माणूस घरात लागतं. आमच्या घरात ते माणूस मी होतो आणि मीच दार उघडून निघून आलो होतो.

पाट्यांचंही एकमत नाही. याच मालिकेचा २०२० चा 'मुगेन ट्रेन' जपानमध्ये पीजी-१२ होता, म्हणजे बारा वर्षांखालच्यांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा. प्राथमिक शाळेतली पोरं घरच्यांबरोबर थिएटरात गेली. अमेरिकेत तोच सिनेमा आर झाला: सतरा वर्षांखालच्यांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही. आकडे वेगळे, पण एक गोष्ट दोन्हीकडे आहे. शेजारी मोठं कुणीतरी आहे, हे दोघांनीही धरून चाललंय.

मग ताईला सांगावं का की रक्ताचे सीन काढलेलं काहीतरी लाव? मी तसा विचार केला आणि अडलो. डेमन स्लेयरमध्ये राक्षसाचं मुंडकं उडतं त्याच्या आसपासच त्याची गोष्ट उलगडते. तो कधीकाळी माणूस होता, कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मुलगा. मारणारा तंजिरोच त्याच्यासाठी रडतो. मुंडकं कापून टाकायला गेलात तर हे रडणंही त्याबरोबर जाईल. उरेल ती फक्त चकचकीत हाणामारी, आणि तिला सात वर्षांवरच्यांची पाटी आरामात मिळेल. शिनचॅनचं झालं तेच पुन्हा: चड्डी गेली, बुक्का राहिला.

मी फोनवर भाच्याला विचारलं, भीती कशाची वाटते? तो म्हणाला, रक्ताची नाही वाटत. मग बराच वेळ थांबून म्हणाला, "मामा, आपण शाळेतून घरी आलो आणि घरी कुणीच नसलं तर?"

कुठल्याच मंडळाच्या यादीत ही भीती नसते.

मला तुळजापूर आठवलं. मी पाचेक वर्षांचा असताना आजीने मला उचलून देवीचं दर्शन घडवलं होतं. आठ हात, हातात शस्त्रं, पायाशी महिषासुर आणि त्याच्या अंगात त्रिशूळ. मी रडलो असं आई सांगते. कुणीही पाटी लावली नव्हती. पण मी आजीच्या कडेवर होतो, भोवती 'आई राजा उदो उदो' चाललं होतं आणि परतताना एसटीत आजीने तो राक्षस कोण, देवीला का यावं लागलं, हे सगळं सांगितलं. यात संस्कृतीचा मोठेपणा मिरवायचा नाही. आजीच्या त्या गोष्टीतही बरंच काही आज मला खटकतं. पण बघणं आणि त्याबद्दल बोलणं यांत एका एसटीच्या प्रवासाचंच अंतर होतं. माझ्या भाच्याच्या आणि माझ्यामध्ये पुणे ते कळंब एवढं अंतर आहे, आणि मधे ऑटोप्ले.

आता आम्ही असं ठरवलंय. रविवारी रात्री जेवणं झाली की व्हिडिओ कॉल. तो ताईच्या फोनवरून कॉल लावतो आणि भाग टीव्हीवर बघतो, मी इकडे लॅपटॉपवर. टीव्हीवर लावायचं ही ताईची अट. ती तिथेच कणीक मळत असते, मधूनच विचारते, "ह्याला का मारलं रे?" एक-दोन-तीन म्हणून दोघं एकदम प्ले दाबतो. नेट अडकतं, कधी तो चार सेकंद पुढे असतो, कधी मी. एका भागाहून जास्त बघायचं नाही. पहिला भाग आम्ही परत पाहिला. तंजिरो बर्फातून घराकडे चढायला लागला, तेव्हा तिकडून आवाज आला, "मामा, थांबव."

मी थांबवलं. तो उठला, लाईट लावून आला, आईला सरकायला सांगून तिच्या बाजूला बसला.

"हां," म्हणाला, "आता लाव."