दुसरे पुस्तक कोण मागतो?

गुन्हेगारी कादंबरीला आपले समीक्षक ‘रंजनपर’ म्हणून बाजूला सारतात. गुन्हेगार कोण, हा प्रश्नच या वाङ्मयाचा प्राण आहे. ज्यांच्या जमातीच्या जमाती १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या, त्यांनी तरी या वाङ्मयाकडे पाठ फिरवू नये.

आर्थर कॉनन डॉइलचे उदाहरण घेऊ. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली निघाली. प्रकाशकाने सर्व हक्क अवघ्या २५ पौंडांत घेतले. फारसा गाजावाजा झाला नाही. ३० ऑगस्ट १८८९ रोजी ‘लिपिन्कॉट्स’ या अमेरिकन मासिकाचे संपादक जोसेफ स्टॉडर्ट यांनी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात डॉइल व ऑस्कर वाइल्ड यांना जेवायला बोलावले. त्या जेवणातून डॉइलला १०० पौंडांचे काम मिळाले आणि ‘द साइन ऑफ फोर’ फेब्रुवारी १८९० च्या अंकात आली. संपादकाने मागितली नसती तर होम्सची दुसरी कादंबरी कदाचित झालीच नसती. संपादकाचे हे ऋण नाकारता येत नाही.

पण त्या दुसऱ्या पुस्तकात खुनी कोण? टोंगा नावाचा अंदमानी आदिवासी. होम्स फडताळातून गॅझेटियर काढतो, हे लोक नरभक्षक आहेत असे वाचून दाखवतो, आणि पुरावा संपतो. टोंगा फुंकनळीतून विषारी काटा मारतो. प्रत्यक्षात अंदमानी लोकांचे शस्त्र धनुष्यबाण. जोनाथन स्मॉल या गोऱ्या कैद्याला आपली कैफियत मांडायला अखेरचे लांबलचक प्रकरण मिळते. टोंगा थेम्स नदीत गोळी खाऊन मरतो. त्याची जबानी कुणी घेत नाही. संपादकाला ती नसल्याचे खटकले नाही, वाचकालाही नाही.

माझ्या वर्गात झाईकडून, तलासरीच्या पाड्यांतून मुले येतात. ही कादंबरी त्यांना केवळ करमणूक म्हणून शिकविणे मला जमत नाही. वारल्यांची माहितीही १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात इतरांनीच लिहून ठेवली. वेठीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार झाला, पाच माणसे मेली. तो लढा मराठीत आला तो १९७० साली, गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून. ते पुस्तक मोठेच आहे. पण त्यातही वारली सांगतो आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा आहे.

आज आपल्या लेखकाचे पहिले आत्मकथन गाजले की संपादक म्हणतो, असेच आणखी द्या. दुःखाचा साचा ठरतो. बाबूराव बागूलांनी १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’नंतर १९६९ साली ‘मरण स्वस्त होत आहे’ दिले. दोन्ही कथासंग्रहच, आपबीतीचा हप्ता त्यांनी कुणाला भरला नाही.

म्हणून आपल्या नियतकालिकांनी, याही त्रैमासिकाने, दुसरे पुस्तक जरूर मागावे. स्टॉडर्टप्रमाणे मोबदला ठरवून, मुदत घालून मागावे. वारली मुलीला गुन्हेगारी कादंबरी लिहावीशी वाटली तर तीही मागावी. मात्र हस्तलिखित हाती आल्यावर संपादकाने पहिला प्रश्न हा विचारावा : यात कुणाची जबानी घ्यायची राहिली आहे?