रोबोला ‘भूक’ लागते म्हणजे नक्की काय होतं?

पीएच.डी.च्या पहिल्याच सेमिनारला माझ्या स्लाइडवर एक वाक्य होतं: ‘बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की रोबोला भूक लागते.’ सरांनी शांतपणे विचारलं, "आणि खायला मिळालंच नाही तर?" मी म्हटलं, बंद पडेल. "मग?" मग काय, चार्जिंगला लावला की पुन्हा जसाच्या तसा सुरू. उत्तर देतादेताच कळलं की माझी ‘भूक’ फक्त नावापुरती आहे.

प्राण्यांच्या शरीरक्रियेवरून रोबोचं वागणं नियंत्रित करायचं, या विषयात असे उसने शब्द खूप भेटतात: भूक, हार्मोन, थकवा, ताण. नवीन वाचक हमखास भुलतो. म्हणून आज तीन कामं जरा खडूसपणे वाचू.

पहिलं काम जुनं आहे. विल्यम ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवं बनवली. प्रत्येकात दोन व्हॅक्यूम ट्यूब, प्रकाश टिपणारा एक फोटोसेल आणि धक्का कळणारा एक स्विच. बस्स. ही कासवं मध्यम उजेडाकडे जायची, प्रखर उजेडापासून दूर व्हायची. बॅटरी बरीच उतरली की मात्र ॲम्प्लिफायरचीच संवेदनशीलता घसरायची. मग खुराड्यातला प्रखर दिवा तितका प्रखर ‘वाटायचा’ नाही आणि कासव सरळ आत चार्जिंगला जायचं. इथे बॅटरी किती उरली हे कुणी मोजून सांगत नाही. शरीराची अवस्था निर्णय घेणाऱ्या सर्किटलाच बदलते. आपलंही तसंच आहे. भूक लागली की मेंदूला नुसता आकडा कळत नाही. वास, लक्ष, मूड, सगळंच बदलतं. माझ्या २० टक्क्यांच्या अटीपेक्षा हे कासव शरीरक्रियेच्या जास्त जवळ आहे.

दुसरं काम इकोबॉट-२, तेही ब्रिस्टलचंच. मायक्रोबियल फ्युएल सेलमधले जिवाणू मेलेल्या माश्या पचवतात आणि त्यातून वीज मिळते. वीज इतकी थोडी की रोबो ती साठवतो, जरासा हलतो, पुन्हा थांबतो. ‘चयापचय’ हा शब्द इथे खरा आहे, त्याबद्दल सलाम. पण माश्या माणूस घालतो आणि रोबो जातो उजेडाकडे, अन्नाकडे नाही. उपासमार झालीच तर मरतील ते जिवाणू. पोट एकीकडे, वागणं दुसरीकडे.

तिसरं काम किंगसन मॅन आणि अँतोनियो दामासिओ यांचा २०१९चा ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’मधला लेख. त्यांचं म्हणणं असं की रोबोला मुद्दाम नाजूक बनवा: मऊ शरीर, त्यात पेरलेले सेन्सर, स्वतःला जपण्याची गरज. म्हणजे जगाचा त्याच्यासाठी काही अर्थ तयार होईल. सरांच्या प्रश्नाला थेट भिडणारं हे पहिलंच लेखन मला भेटलं. पण तो प्रस्ताव आहे, बांधून चालवलेला रोबो नाही. शिवाय ‘जखम कळते’ इथून ‘भावना असते’ इथपर्यंतची उडी मला फार मोठी वाटते. धूर तर स्मोक अलार्मलाही कळतो. सेन्सरने फक्त आकडा पाठवला तर आपण पुन्हा माझ्या स्लाइडवरच आलो.

तिन्ही कामं वाचताना मला उंट आठवत राहतो. पाणी मिळेनासं झालं की तो घाम गाळायचं टाळतो आणि शरीराचं तापमान रात्री ३४ अंशांपर्यंत उतरू देतो, दिवसा ४० अंशांवर चढू देतो. एक संतुलन सैल सोडून दुसरं वाचवतो. दोन्ही गोष्टी जिवाशी निगडित आहेत, म्हणूनच हा सौदा करावा लागतो. एकच गरज, एकच मर्यादा असेल तर थर्मोस्टॅट पुरतो. त्याला शरीरक्रिया म्हणायची गरज नाही.

तुम्ही या विषयात सिनॉप्सिस लिहिणार असाल तर ‘भूक’ हा शब्द खोडून तिथे ‘बॅटरी पातळी’ लिहून बघा. वाक्य तसंच्या तसं चालत असेल, तर तुमच्याकडे अजून प्रश्न नाही, फक्त उपमा आहे. मी माझी स्लाइड अशीच खोडली. त्यात सहा महिने गेले, पण माझा खरा प्रश्न मला तिथेच सापडला: दोन गरजा भांडतात तेव्हा रोबो काय सोडतो?