धनाग्र, ऋणाग्र आणि जस्ताचे आयुष्य

१९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठीत शास्त्रीय परिभाषेचे मोठे काम उभे राहिले, याबद्दल दुमत नसावे. तथापि पाठ्यपुस्तकांतून स्थिरावलेली ‘धनाग्र–ऋणाग्र’ ही जोडी पुन्हा भरता येणाऱ्या अल्कधर्मी जस्त-घटापाशी येऊन अडखळते.

विद्युत् विच्छेदनापुरती ती निर्दोष आहे. तेथे ऑक्सिडीभवन धन टोकाशी होते व क्षपण ऋण टोकाशी. घट वीज देऊ लागला की मात्र जस्ताचे ऑक्सिडीभवन होते. व्याख्येने ते धनाग्र ठरते, आणि त्याचे टोक तर ऋण असते! घट भरताना तेच टोक ऋणच राहून ऋणाग्र म्हणवते. १८३४ साली फॅरडेने ह्यूएलच्या साहाय्याने ग्रीकवरून जे शब्द घडविले, त्यांत ‘वर जाणारी वाट’ व ‘खाली जाणारी वाट’ एवढाच अर्थ होता. धन-ऋण आपण पदरचे घातले.

हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे. शिशाच्या घटातील सल्फेट पट्टीलाच चिकटून राहते. जस्त मात्र पोटॅशच्या द्रावात झिंकेट होऊन विरघळते, आणि घट भरताना मूळ जागी परततेच असे नाही. कोठे पट्टी उघडी पडते, कोठे काट्यांसारखे फाटे फुटून ते मधला पडदा भेदतात व घट आतल्या आत शॉर्ट होतो. उलट, वीज फार वेगाने काढल्यास जस्तावर ऑक्साइडाचा थर बसून ते निष्क्रिय बनते. पहिला दोष भरतानाचा, दुसरा वीज देतानाचा. जस्तात कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळतात ते विरघळलेले झिंकेट अविद्राव्य रूपात जागच्या जागी अडविण्यासाठी. २०१७ साली अमेरिकन नौदल संशोधन प्रयोगशाळेने मांडलेली जस्ताची स्पंजासारखी रचना प्रवाह सर्वत्र वाटून फाट्यांना आळा घालते. नुसते ‘ऋणाग्र’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने कोणता उपाय कोणत्या अवस्थेवरचा, हे कसे ओळखावे?

भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरकडची बोलभाषा येथे अधिक काटेकोर वाटते. ‘बॅटरी उतरली’ म्हणजे ती पुन्हा भरता येईल. ‘बॅटरी गेली’ म्हणजे येणार नाही. किती वेळा उतरल्यावर ती जाते, यालाच प्रयोगशाळेत आवर्तन-आयुष्य म्हणतात.

तेव्हा अग्रांना पदार्थावरून ‘जस्ताग्र’, ‘निकेलाग्र’ असे म्हणावे, धन-ऋण चिन्हे टोकांपुरती ठेवावीत, आणि घट भरत आहे की उतरत आहे ते दर वेळी स्पष्ट लिहावे. ‘ऑक्सिडीभवनाग्र’ असा शब्द कोणी सुचवील, पण तो वर्गात एकदा उच्चारून पाहावा.