फेफऱ्याचे एकच चित्र

प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर फेफरे आलेले मूल बहुधा एकाच तऱ्हेने काढलेले असते: जमिनीवर पडलेले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. या चित्राचा उपयोग आम्ही नाकारत नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, मुलाला कुशीवर वळवा, ही त्यासोबतची शिकवण अचूक आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांना फेफऱ्याची लक्षणे विचारली, की आम्हाला बहुतेकांकडून याच चित्राचे वर्णन ऐकायला मिळते. जे चित्रात नाही ते मग आजार ठरत नाही, खोडी ठरते.

वस्तुतः मेंदूच्या ज्या भागात विद्युतसंदेशांचा गोंधळ माजतो, त्या भागाच्या कामाप्रमाणे लक्षण दिसते. कपाळामागच्या भागात तो सुरू झाला, तर मूल झोपेतून एकाएकी सायकल चालवल्यासारखे पाय मारू शकते, ओरडते आणि मिनिटभरात शांत होते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा! किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर खांद्यांना, हातांना झटके बसतात. शुद्ध हरपत नाही, पण हातातला कप निसटतो. जागरणाने हे वाढते. परीक्षेच्या दिवसांत अशा मुलीला 'धांदरट' म्हणून बोलणी खावी लागतात.

ही चूक जाणकारांकडूनही होते. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरांनी 1841 साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्याच तान्ह्या मुलाच्या आजाराचे वर्णन केले. ते बाळ सलाम केल्यासारखी पुन्हापुन्हा मान पुढे टाकी. सुरुवातीला वडिलांनाही ती खोडच वाटली होती.

अर्थात प्रत्येक झटका म्हणजे फेफरे नव्हे. झोप लागताना आपणही दचकतो. निदान डॉक्टरांनी करायचे. शिक्षकाने नोंद ठेवावी: वेळ कोणती, कोणता अवयव हलला, किती सेकंद, हाकेला ओ दिली का. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत झटक्यांचा आजारही येतो. पथक शाळेत आले, की ही नोंद त्याच्या हाती द्यावी. झटका 5 मिनिटांहून जास्त चालला तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे. योग्य निदान आणि नियमित औषध मिळाले, तर 10 पैकी सुमारे 7 रुग्णांचे झटके थांबू शकतात.

तेव्हा तक्ता काढू नका. त्याच्या शेजारी आणखी दोन चित्रे लावा: झोपेत पाय मारणारा मुलगा, आणि हातातून कप निसटलेली मुलगी.