‘वांग’ या पदवीचा अर्थनिर्णय

‘वांग’ या चिनी पदवीस सर्वत्र ‘राजा’ हा एकच प्रतिशब्द योजण्याची पद्धत सदोष आहे. चौ काळात ही पदवी सर्वाधिपतीची होती. इ. स. पू. २२१ मध्ये छिनच्या अधिपतीने ‘ह्वांगती’ ही नवी पदवी धारण केली. पुढे हान काळापासून ‘वांग’ ही मुख्यतः सम्राटाच्या पुत्रांना व आप्तांना मिळू लागली. तेथे ‘राजपुत्र’ हाच शब्द अन्वर्थक ठरतो. कोरियात मात्र हीच संज्ञा प्रत्यक्ष राज्यकर्त्याची होती. या श्रेणीभेदाचे राजकीय मोल मोठे होते. १८६८ साली जपानने धाडलेल्या पत्रात सम्राटवाचक अक्षर योजले होते. ते मान्य करणे म्हणजे जपानचे वरिष्ठत्व पत्करणे, म्हणून कोरियाने ते पत्र स्वीकारले नाही. १८९७ मध्ये कोजोंगने स्वतःच सम्राटपद घेतले. १९१० च्या विलीनीकरणानंतर जपानने त्याचा वारस सुंजोंग यास पुन्हा ‘वांग’ ठरविले. परंतु तेव्हा राज्यच उरले नव्हते. त्यास ‘राजा’ म्हणणारा अनुवाद सत्तालोपच झाकून टाकतो. तस्मात् मूळ पदवी कायम राखून देशकालानुसार तिचा अर्थ नमूद करणे, हेच युक्त होय.