जैत रे जैत : जैत कोणाची?

‘जैत रे जैत’बद्दल काही वावगं बोललं की आपल्यातलीच माणसं अंगावर येतात. पुण्यातला कुणी रसिक रागावला तर समजू शकतं. त्याच्यासाठीच तो सिनेमा काढला होता असं म्हणून मोकळं होता येतं. पण जासईत राहणारा, न्हावाशेव्याच्या कंटेनर यार्डात रात्रपाळ्या करणारा आपला पोरगा जेव्हा म्हणतो, “त्या पिक्चरला हात लावायचा नाय, सांगून ठेवतो,” तेव्हा जरा थांबावं लागतं. त्याला जे भिडलं ते खोटं आहे असं कोणत्या तोंडानं सांगणार? आणि मित्रहो, खरं बोलायचं तर विरोधात बोलणाऱ्यांनाही ती गाणी तोंडपाठ आहेत. शिव्या घालता घालता गुणगुणतात साले.

म्हणून ही गाणी बाजूला ठेवून वाद घालता येणार नाही. सिनेमा म्हणजेच गाणी आहेत. १९७७ साली जब्बार पटेलांनी हा सिनेमा केला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, मोहन आगाशे नाग्या आणि स्मिता पाटील चिंधी. त्या वर्षीचा मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. डझनावर गाणी आहेत, आणि हिरोहिरॉईननं बागेत पळायची ती नव्हेत. गोष्ट पुढे ढकलायचं काम गाणी करतात. ‘घाशीराम’च्या रंगमंचावर गाणाऱ्या माणसांच्या रांगेनं जे साधलं होतं, ते जब्बार आणि त्यांची पुण्याची मंडळी डोंगरात घेऊन गेली. मराठीत खऱ्या अर्थानं संगीतमय म्हणावा असा सिनेमा हाच, असं चाहते म्हणतात. माझंही दुमत नाही.

डोंगर आपल्याला परका नाही. जासईवरून पळस्पे फाट्याला जायचं, गोव्याच्या रस्त्याला लागायचं, की थोड्या वेळात कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. कादंबरीतला लिंगोबाचा डोंगर तो हाच. त्याच्या कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकतात. खाली ठाकरवाड्या. म्हणजे हा सिनेमा आपल्या शेजारघरचा आहे. शेजाऱ्याबद्दल कुणी गाणं केलं तर ते गोड आहे की नाही एवढंच बघून भागत नाही. खरं किती आहे तेही विचारावं लागतं.

आता गोष्ट. नाग्याचा बाप भगत. पुण्यवंत माणसालाच राणीमाशी दिसते, हे नाग्याच्या मनात लहानपणापासून बसलेलं. तो पुण्यवंत व्हायच्या मागे लागतो. नेमानं वागतो. आणि एक दिवस माशा त्यालाच डसतात, एक डोळा जातो. माझ्या पुण्याचं काय झालं, असं विचारत तो राणीमाशीवर सूड धरतो. लिंगोबाच्या डोंगरावरची सगळी पोळी उतरवायची. चिंधी ही नको असलेल्या नवऱ्याला सोडून नाग्याला स्वतः निवडणारी बाई. ती त्याच्या सूडात उभी राहते. नाग्या जिंकतो. चिंधी मरते.

चाहत्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. पहिलं म्हणजे, या सिनेमात आदिवासींचा उद्धार करायला कुणी शहरी मास्तर, डॉक्टर येत नाही. मराठीत तोवर आदिवासी म्हणजे पिसं खोवून नाचणारे, हिरोला झाडाला बांधणारे. इथं नाग्या हाच मधोमध उभा आहे. दुसरं, चिंधी. ‘पिंजरा’ येऊन फक्त पाच वर्षं झाली होती. त्यात बाई म्हणजे मास्तरचं शील बुडवणारी. इथं बाईला पुरुष हवा आहे, ती ते लाजेनं लपवत नाही, आणि सिनेमा तिला त्याबद्दल एकदाही कुलटा म्हणत नाही. तिसरं, नाग्या देवाला जाब विचारतो. आमचा एक मित्र तर म्हणतो, की बाबा रे, देवीवर उलटलेला नाग्या म्हणजे विद्रोहच. आणखी काय पाहिजे तुम्हाला?

आम्हाला एवढंच पाहिजे, की त्यानं विचारलेला जाब नीट ऐका. “मी पुण्यवंत असून माझा डोळा का गेला?” म्हणजे पुण्याची वही त्याला मान्य आहे. त्यातली बेरीज चुकली एवढीच तक्रार. पापी असतो तर गेलेल्या डोळ्याबद्दल त्याचं म्हणणंच नव्हतं! ही तक्रार आपल्या आजा-पणज्यांनीही केली. आम्ही वारी करतो, माळ घालतो, मग आम्हाला पायरीवरच का ठेवता? शेकडो वर्षं केली. मिळालं काय?

कर्नाळ्यावरून जाणारा तोच गोव्याचा रस्ता पुढे महाडला जातो. जिल्हाही तोच, तेव्हाचा कुलाबा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आम्ही पुण्यवंत आहोत, स्वच्छ आहोत, सबब पाणी द्या, असा तो अर्ज नव्हता. माणूस आहे म्हणून पाणी. नंतर तळं बाटलं म्हणून शेणगोमूत्रानं शुद्ध करणारे निघाले, तेव्हा त्याच वर्षी २५ डिसेंबरला ती वहीच जाळली. नाग्या पोळी जाळायला निघतो, वही तशीच ठेवतो. विद्रोह आणि सूड यांच्यात फरक असतो तो हा. पुण्याचं हे एवढं वेड खऱ्या ठाकरांत कितपत आहे, की किल्ले हिंडणाऱ्या भाविक लेखकानं आपल्या झोळीतलं काढून नाग्याच्या गळ्यात घातलं, हा प्रश्न मला पडतो. भगत, देव, नवस वाडीत आहेतच. पण त्यांचा हिशोब रोकडा असतो. कोंबडा दिला, पाऊस दे.

भाषेचंही तसंच. महानोर कवी मोठे, २०२३ साली गेले तेव्हा शेतकऱ्याच्या घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. पण ते पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या रानातले. त्यांच्या शब्दांत ज्वारी आहे, बांध आहे, विहिरीचं पाणी आहे. ती माती कोकणातल्या ठाकरांच्या तोंडात दिली. कर्नाळ्याच्या पायथ्याची ठाकरी बोली ऐकलेल्या माणसाला ही गाणी कानावर पडताच कळतं, की ही बोली इथली नाही. तिकडच्याच रानबोलीतून घडवलेली सुंदर कवितेची बोली आहे. चाहते म्हणतात, मग काय झालं, कला आहे. कबूल. पण मग ‘आदिवासींचं अस्सल लोकसंगीत’ हे लेबल काढा. ते महानोरांचं आणि हृदयनाथांचं संगीत आहे, आणि तसं म्हटल्यानं त्याची किंमत कमी होत नाही.

आपल्या बाजूचे काही लोक इथं उगाच एक दगड भिरकावतात. लता-आशाचा आवाज म्हणजे ब्राह्मणी आवाज, ठाकरणीच्या गळ्यात घुसवलेला. हा आरोप मला साफ अमान्य आहे. दीनानाथांची आई गोव्यातल्या देवळाच्या कलावंत घराण्यातली. बायांच्या गळ्यावर देवळांनी काय हक्क सांगितला त्याचा इतिहास त्या आवाजामागे आहे. आपण जातीवरून आवाज मोजायला लागलो तर समोरच्यात आणि आपल्यात फरक तो काय?

खरी अडचण वेगळीच आहे. या सिनेमाच्या डोंगराला मालक नाही!

मित्रहो, आपण उरण तालुक्यातली माणसं. आपल्याकडे मालकाशिवाय दगड नाही. सिडको आली ती १९७० साली. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये याच जासई-दास्तानच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्या झाल्या, पाच माणसं पडली. डोंगर फोडून भराव झाले. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर तर सपाटच केला. आणि कर्नाळा? १९६८ साली तो पक्षी अभयारण्य झाला. १९७२ ला वन्यजीव कायदा आला. म्हणजे सिनेमा निघाला तेव्हा नाग्या ज्या रानात ढोल वाजवत, मशाल घेऊन पोळी उतरवायला निघतो, त्या रानाला नऊ वर्षांपूर्वीच सरकारी पाटी लागली होती. खऱ्या नाग्याला राणीमाशीच्या आधी फॉरेस्टचा गार्ड भेटला असता. पावती, दंड, कोयता जप्त. बंधबिगारी कायद्यानं बंद केली ती १९७६ साली, सिनेमाच्या आदल्या वर्षी. कायदा करावा लागला म्हणजे बिगारी होती. कातकरी कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन कुटुंबासकट राबत होते. ठाकरांची दळी जमीन कुणाच्या नावावर, हा घोळ पिढ्यान्पिढ्या चालला. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावरही दाव्यांच्या फायली घेऊन माणसं प्रांताच्या ऑफिसात बसलेली असतात. ज्या गाठीवर ही गोष्ट फिरते तिथं यातलं काही नाही. माणूस, माशी आणि देव, बस.

कुणी म्हणेल, प्रत्येक सिनेमात सावकार हवाच का? नको. पण हे जब्बार पटेल म्हणजे दोनच वर्षं आधी ‘सामना’ करणारे. गावात सत्ता कशी बसते, साखर कारखान्याच्या सावलीत माणूस कसा गायब होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. १९७९ ला त्यांनीच ‘सिंहासन’ केला. म्हणजे पाटलाच्या गावात गेले तेव्हा राजकारण दिसलं, मंत्रालयात गेले तेव्हा दिसलं, आणि ठाकरवाडीत गेले तेव्हा फक्त निसर्ग दिसला? आदिवासी माणसाला राजकारण नसतं, त्याला फक्त ढोल असतो, असं त्यातून निघतं. त्यांच्या मनात तसं असेल असं मी म्हणत नाही. पडद्यावर ते तसं उतरलं.

‘आक्रोश’ आठवा. १९८०, गोविंद निहलानी. तिथंही आदिवासी नवराबायको, तिथंही स्मिता पाटील, आणि नाव बघा, नागी. तिच्यावर अत्याचार करून तिला मारणारे कोण ते सिनेमा दाखवतो. ठेकेदार, पुढारी, पोलीस, डॉक्टर, एकाच टेबलावर. आणि तिचा नवरा लहान्या भिकू सबंध सिनेमाभर तोंड उघडत नाही, शेवटी ओरडतो. एका सिनेमात आदिवासी डझनावर गाणी गातो, दुसऱ्यात एक शब्द बोलत नाही. आपल्या माणसांना विचारा यातला कोणता पुन्हा बघाल. सगळे ‘जैत’ म्हणतील. मीही. दिवसभर राबून आलेल्या माणसानं संध्याकाळी गाणं मागितलं तर तो भ्याला असं होत नाही.

म्हणून सिनेमा टाकून द्या असं मी म्हणणार नाही. चिंधीला टाकून देणं तर शक्यच नाही. स्मितानं तिला असं उभं केलंय, की ती डोक्यावर भारा घेऊन चालते तेव्हाही कुणाच्या दयेला पात्र वाटत नाही. नाग्या आभाळाकडे बघतो, चिंधी नाग्याकडे. तिला पुण्यबिण्य नको. तिला हा एकडोळ्या माणूस हवाय, पोर हवंय, आणि त्याच्या मनातली आग विझली म्हणजे संसार होईल एवढा तिचा हिशोब. माझ्या मते सगळ्या सिनेमात शहाणं माणूस ती एकटीच. आणि तिलाच मारलं. पुरुषाची प्रतिज्ञा पुरी व्हायला बाईचा बळी लागतो, ही कथा या देशात नवी नाही. चाहते सांगतात, दिग्दर्शकाला तेच दाखवायचं होतं, जैत पोकळ आहे हेच तर. असेल. पण मग तो पोकळपणा ऐकू का येत नाही? कारण वर ढोल आहे. इतका जबरदस्त ढोल, की प्रेत समोर असून अंगावर काटा येतो तो विजयाचा.

जाता जाता आणखी एक नाग्या सांगून ठेवतो. जासईवरून चिरनेर लांब नाही. २५ सप्टेंबर १९३० ला तिथं जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात पडलेल्यांत एक नाग्या महादू कातकरी. त्याचं भांडण राणीमाशीशी नव्हतं. रान कुणाचं, याच्याशी होतं.

आमच्या बैठकीत हा सगळा वाद झाला तेव्हा सात-आठ बौद्ध, चार आगरी, एक कोळी होता. ठाकर एकही नव्हता. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवर या पावसाळ्यानंतर सिनेमा दाखवायचं ठरलंय, पडदा आणि मशीन मिळालंय. तिथली माणसं, विशेषतः बाया, जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत पुढच्या अंकात छापू. पानं राखून ठेवली आहेत.