कबुली आणि तिचा श्रोता : ‘लीआ ऑन द ऑफबीट’चे एक वाचन

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकादंबरीकडे समीक्षा सहसा गांभीर्याने पाहत नाही. ओढ, गैरसमज, अडथळा आणि मीलन असा तिचा रूपबंध ठरून गेलेला असतो. परंतु रूपबंध ठरलेला असला म्हणजे त्यातील अर्थव्यवहारही ठरलेलाच असतो, असे नाही. बेकी अल्बर्टाली या अमेरिकन लेखिकेची ‘लीआ ऑन द ऑफबीट’ (२०१८) ही कादंबरी या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. तिची नायिका उभयलैंगिक आहे. (‘उभयलिंगी’ हा शब्द येथे हेतुतः टाळला आहे, तो शरीररचनेचे वर्णन करतो, आकर्षणाचे नव्हे.)

अल्बर्टालीच्या ‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’ (२०१५) या पहिल्या कादंबरीत लीआ बर्क ही समलिंगी नायक सायमनची मैत्रीण म्हणून येते. ‘लीआ ऑन द ऑफबीट’मध्ये निवेदनाचा अधिकार तिच्याकडे आला आहे. अटलांटाजवळच्या एका कल्पित उपनगरातील शाळेत ती शेवटच्या वर्षाला आहे. ती ड्रम वाजवते, चित्रे काढते, स्थूल आहे, आणि एकट्या आईने तिला वाढवले आहे. आपण उभयलैंगिक आहोत हे तिने आईला सांगितले आहे. उघडपणे समलिंगी म्हणून वावरणाऱ्या सायमनला मात्र सांगितलेले नाही. तिचे मन अ‍ॅबी सूसो या कृष्णवर्णीय वर्गमैत्रिणीत गुंतले आहे. अ‍ॅबी प्रारंभी निक या त्यांच्याच मित्राची प्रेयसी आहे.

या आशयाचा प्रेमकादंबरीच्या रूपबंधाशी एक मूलभूत ताण आहे. प्रेमकथा एका जोडीपाशी येऊन थांबते. उभयलैंगिकता मात्र कोणत्याही एका जोडीतून दिसू शकत नाही. नायिका मुलाबरोबर असेल तर समाज तिला भिन्नलिंगी म्हणून वाचतो, मुलीबरोबर असेल तर समलिंगी म्हणून. जोडी जुळली की नायिकेची ओळख पुसली जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून या ओळखीला दृश्यापेक्षा शब्दाचा आधार अधिक लागतो. ती उच्चारावी लागते. शाळेचे अखेरचे वर्ष ही काळाची चौकट येथे केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. महाविद्यालयीन प्रवेश, प्रॉम आणि निरोप यांचे वेळापत्रक या उच्चाराला मुदत घालून देते. त्यातही प्रॉम हा जोड्यांना शाळेची मान्यता देणारा विधीच आहे, आणि लीआ तिथे गॅरेट नावाच्या मुलाची जोडीदार म्हणून जाते.

कादंबरीचा मर्मबिंदू मात्र प्रॉममध्ये नाही. अ‍ॅबी आपल्या मनातील ओढीविषयी चाचरत बोलते, आपण थोड्याशा उभयलैंगिक असू असे सुचवते, तेव्हा लीआ तिला फटकारते. असे ‘थोडेसे’ काही नसते, अशी तिची भूमिका असते. जो शब्द लीआने स्वतःसाठी कष्टाने मिळवला आहे, त्याचा सैल वापर तिला सहन होत नाही. तिच्या संतापामागे दुखावलेपण आहे, हे वाचकाला कळते. पण त्या क्षणी ती द्वारपालाच्या जागी उभी राहते.

मिशेल फूको यांनी लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९७६) कबुलीची जी मीमांसा केली आहे, ती येथे उपयोगी पडते. कबुलीच्या व्यवहारात सत्ता बोलणाऱ्याकडे नसते, ऐकणाऱ्याकडे असते; कबुली ग्राह्य की अग्राह्य, हे श्रोता ठरवतो. ‘सायमन’मध्ये नायकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती लागते आणि तो श्रोता त्याचा गैरवापर करतो. ‘लीआ’मध्ये श्रोता प्रेम करणारा आहे, तरीही निवाडा करतो. दुसऱ्या कादंबरीचे पाऊल पुढे पडले आहे ते येथे.

याच संहितेत आणखी एक निवाडा आहे. जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश नाकारली गेलेली मॉर्गन ही लीआची मैत्रीण, अ‍ॅबीला तो प्रवेश वर्णामुळे मिळाला असे म्हणते. लीआ या वर्णवादाचा तत्काळ निषेध करते आणि मैत्री तोडते. म्हणजे एकाच अ‍ॅबीच्या पात्रतेविषयी दोन वेळा शंका घेतली जाते. पहिल्या प्रसंगी लीआ तिची वकील असते, दुसऱ्या प्रसंगी स्वतःच न्यायाधीश होते. हे साम्य संहितेत आहे. पण निवेदिका लीआच असल्याने ते तिच्या नजरेला येत नाही. प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी निवेदनात मागे वळून पाहण्यास जागा उरत नाही. सायमनला लिहिलेल्या ई-पत्राच्या रूपातील उपसंहारात ती जागा मिळू शकली असती. परंतु तोवर सुखान्ताने सर्व ताण विरघळवून टाकले आहेत. ही या कादंबरीची खरी उणीव होय.

पुढे या प्रसंगाची पुनरावृत्ती संहितेबाहेर घडली. भिन्नलिंगी समजली जाणारी लेखिका असे अनुभव कोणत्या अधिकाराने लिहिते, असा प्रश्न अल्बर्टालीला वारंवार विचारला गेला. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये तिने एका लेखातून आपण उभयलैंगिक असल्याचे जाहीर केले, आणि हे सांगण्यामागे बाहेरचा दबाव असल्याचेही स्पष्ट केले. अ‍ॅबीने ऐकलेला प्रश्नच जणू लेखिकेला ऐकावा लागला.

अनुभवाच्या अधिकाराचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. दलित साहित्याच्या चर्चेत तो रास्तपणे उपस्थित झाला. ज्यांच्या वतीने इतरच बोलत आले, त्यांनी स्वतःचा शब्द मागितला. पण याच परंपरेत बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ही कथाही आहे. ओळख उघडी पडणे म्हणजे मार खाणे, हे तिने आपल्याला दाखवले आहे. जात आणि लैंगिकता यांचे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. जात समाज जन्मतःच लादतो, तर लैंगिक ओळख व्यक्तीला स्वतःशी आणि इतरांशी उच्चारावी लागते. म्हणूनच लैंगिकतेच्या संदर्भात लेखकाकडे अनुभवाचा पुरावा मागणे म्हणजे त्याच्याकडून कबुली वसूल करणे ठरते.

याचा अर्थ समीक्षेने प्रश्न विचारू नयेत असा नाही. ते संहितेला विचारावेत. ही कादंबरी अ‍ॅबीला न्याय देते का, हा वाङ्मयीन प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘अपुरा’ असे द्यावे लागते. लेखिका कोण आहे या प्रश्नाच्या उत्तराने हा निर्णय बदलत नाही. २०२० नंतरही संहिता तीच राहिली आहे. बदलली असेल तर केवळ आपली श्रोत्याची भूमिका, आणि ती बदलायलाच हवी होती.